तुटलेल्या कोपऱ्याची नक्कल

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास यंत्राच्या पोटात, पट्ट्याच्या मागच्या सांदीत, मला एक तुकडा सापडला. काळ्या प्लास्टिकचा, तिरपा, करंगळीच्या नखाएवढा. मी तो रुमालावर ठेवला, डोळ्याला भिंग लावले आणि दोन मिनिटांत मला घाम फुटला.

तो कशाचा तुकडा होता हे सांगायचे तर आधी यंत्राचे काम सांगायला हवे. आमच्या प्रयोगशाळेत स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीतून आलेले नमुने येतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग पुष्कळ स्त्रियांना कधी ना कधी होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. काहींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पुढे कर्करोगाला वाट करून देतो. हा फरक कशामुळे पडतो याचा शोध घेणाऱ्या डॉक्टरांना आम्ही सगळे नुसते 'बाई' म्हणतो. बाईंचा रोख प्रतिकारशक्तीच्या जनुकांवर आहे. त्यांनी मला जे समजावले ते मी माझ्या पद्धतीने असे समजून घेतले होते: पेशींपाशी बारीक चिमटे असतात. आत शिरलेल्या विषाणूचा तुकडा चिमट्यात धरून पेशी तो बाहेर दाखवते, मग पहारेकरी पेशी धावून येतात. चिमट्याच्या जबड्याचा आकार जनुके ठरवतात आणि तो माणसागणिक वेगळा असतो. एखाद्या जबड्यात या विषाणूचा तुकडा घट्ट बसतो, एखाद्यातून निसटतो. बाईंच्या यादीत या जबड्यांना नंबर आहेत. त्यांतला तेरा नंबर चांगला, असे त्यांच्या आकड्यांवरून दिसत होते. तो ज्यांच्याकडे होता, त्यांच्यापैकी जास्त जणींचा संसर्ग निघून गेला होता.

नमुने तळहाताएवढ्या प्लेटमध्ये भरलेले असतात. आठ ओळी, बारा रकाने, एकूण शहाण्णव खळगे, एकेका खळग्यात एकेकीचा नमुना. प्लेट यंत्रातल्या एका साच्यात बसवायची. मग यंत्राची सुई खळग्यामागून खळग्यात उतरते आणि जो नमुना ज्या जागी सापडला, त्या जागेच्या नंबरासमोर निकाल मांडते. खळग्यात कोणाचा नमुना आहे हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त जागा कळते.

पावणेदोन वर्षांपूर्वी मूळ साचा तडकला. नवा यायला पाच महिने लागणार होते. मी तांत्रिक महाविद्यालयातून पदविका घेतलेला माणूस. चौतीस वर्षे कारखान्याच्या मापन विभागात काढून निवृत्त झालो आणि आता आठवड्यातून तीन दिवस प्रयोगशाळेची यंत्रे सांभाळतो. मी म्हणालो, साचा मी करतो. तडकलेल्या साच्यावरून व्हर्नियरने अठरा मापे घेतली, प्रत्येक तीन-तीनदा. ॲल्युमिनियमचा ठोकळा घेऊन आठ दिवसांत नवा साचा घडवला. मुळातल्या साच्याचा एक कोपरा तुटून गेला होता, तिथले माप मिळेना. बाकीचे तीन कोपरे सरळ काटकोनी होते, म्हणून चौथाही मी तसाच काढला. प्लेट अशी काही बसली की बाईंनी नवा साचा मागवलाच नाही. "बाई, कशीही ठेवा, बसणारच," असे मी त्या दिवशी मोठ्या रुबाबात म्हणालो होतो.

चौथा कोपरा सरळ नव्हता. तो तिरपा होता आणि तो आता माझ्या रुमालावर पडला होता. प्रत्येक प्लेटचाही एक कोपरा तिरपा छाटलेला असतो. तिरप्यात तिरपा बसावा आणि प्लेट उलटी फिरवून कोणाला ठेवताच येऊ नये, एवढ्याचसाठी त्या कोपऱ्याची योजना होती. मी तुटक्या वस्तूची हुबेहूब नक्कल केली होती आणि जो भाग तुटला होता नेमका तोच कामाचा होता.

उलट्या प्लेटमध्ये पहिल्या खळग्याचा निकाल शेवटच्या नंबरावर जातो, दुसऱ्याचा शेवटून दुसऱ्यावर, आणि सगळी माळ तशीच. एरवी अशी चूक रिकाम्या खळग्यामुळे पकडली गेली असती, कारण प्रत्येक प्लेटमध्ये पारखण्यासाठी नमुना न घातलेली जागा ठेवतात. आमच्याकडे अशा दोन जागा होत्या, पहिली आणि शेवटची. प्लेट उलटली तरी रिकाम्याच्या जागी रिकामाच येणार. पावणेदोन वर्षांत एकेचाळीस प्लेटा त्या साच्यातून गेल्या होत्या. त्यांपैकी किती उलट्या, कोणत्या उलट्या, सांगायला काहीच साधन नव्हते.

मी स्टुलावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. एकेचाळीस प्लेटांची काळजी मला वाटायला हवी होती. मला वाटत होती ती एका नंबराची.

तो नंबर माझ्या मेहुणीचा होता.

मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. घरात तिला सगळे वावटळ म्हणतात. वय सेहेचाळीस, एकटी राहते, नाट्यगृहांचे आणि सभागृहांचे पडदे शिवण्याचा तिचा कारखाना आहे. खाली कारखाना, वर दोन खोल्या. बाईंच्या अभ्यासात नाव घालायला तिला मीच लावले होते. पहिल्याच तपासणीत संसर्ग निघाला. सहा महिन्यांनी ती पुन्हा गेली, तेव्हाही तो होता. त्या दिवशी तिने मला फोन करून तिच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचून दाखवला आणि म्हणाली, तुमच्या यंत्रात माझं काय निघालंय तेवढं बघा ना. जनुकांचा निकाल नमुना देणाऱ्या कोणालाही सांगायचा नाही असा नियम आहे. त्या नियमाच्या कागदावर माझी सही आहे. तरी मी पाहिले. पडद्यावर तेरा दिसला आणि मला इतका आनंद झाला की मी विचारच केला नाही.

"तेरा नंबर आहे तुझा," मी तिला म्हणालो. "तुझं शरीर हाकलून देईल त्याला. निश्चिंत राहा."

ती निश्चिंत राहिली. वर्ष पूर्ण झाल्यावरच्या तपासणीला गेली नाही. त्या गोष्टीला आता सात महिने झाले होते. मला हे माहीत होते. ती विषय काढला की हसून म्हणे, तेरा नंबरवाल्यांना रांगेत उभं करत नाहीत. आणि मीही हसत असे.

दुपारी मी घरी आलो. स्वयंपाकघराच्या दाराची कडी अडकत होती, ती उघडून बसवली. मग पंख्याचा रेग्युलेटर काढला. मग भिंतीवरचे घड्याळ उतरवून वर्तमानपत्रावर पसरले. बायको भाजी निवडत होती.

"तिसरी वस्तू उघडलीत," शेवटी ती म्हणाली. "बिघडलंय ते घड्याळात नाही. काय झालंय ते बोला, आणि तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा."

मी सांगितले. साच्यापासून सुरुवात केली, कारण गोष्ट तिथून सुरू होते असे मला वाटत होते. ती ऐकत होती, पण मधेच तिने हात वर करून मला थांबवले आणि कोणाचा संसर्ग, केव्हापासून, एवढेच विचारले. मग तिने भाजीची परात बाजूला सरकवली.

"तिला काही होणार नाही असं तुम्ही तिला सांगितलंत," ती म्हणाली. "आणि तिला काही झालंय हे मला सांगितलं नाहीत. ती माझी बहीण आहे ना? की तुमच्या यंत्राची?"

मेहुणीनेच कोणाला सांगू नका म्हटले होते, हे मी पुटपुटलो. ते तिने ऐकूनही घेतले नाही. मग मी माझी योजना मांडली. उद्या बाईंना लेखी अहवाल द्यायचा, सोबत साच्याचे दोन्ही नकाशे, मूळचा आणि माझा. बाई साठवलेल्या नमुन्यांवरून प्लेटा पुन्हा तपासून घेतील. त्याला आठ-दहा दिवस लागतील. मग नक्की काय ते समजल्यावर मेहुणीशी बोलायचे, उगाच आधी घाबरवायचे नाही.

"आणि तोवर ती काय नकाशावर राहील?" बायको म्हणाली. "आधी तिच्याकडे जा. कागद नंतर. सकाळी नऊला दार उघडते ती."

पावणेनऊला मी तिच्या कारखान्यासमोरच्या फुटपाथवर होतो. नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत तीन वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. आत गेलो तेव्हा ती फरशीवर गुडघे टेकून बसली होती. समोर गडद निळे मखमली कापड पसरलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला वीस पावले लागतील एवढे. तोंडात टाचण्या, हातात खडू. तिने मानेनेच 'या' म्हटले.

मला मोठ्या शिलाई यंत्राचा पट्टा सैल वाटला, तो काढून ताणून बसवला. चाक हाताने फिरवून पाहिले. तेलाची बाटली शोधू लागलो.

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "भावजी, यंत्राला काही झालेलं नाही. तुमचंच काहीतरी कुरकुरतंय. ताईशी भांडलात?"

मी सांगितले. या वेळी साच्यापासून सुरुवात केली नाही. म्हणालो, तुझा म्हणून जो निकाल मी तुला सांगितला तो कदाचित तुझा नसेल, माझ्या हातच्या चुकीमुळे प्लेट उलटी बसली असू शकते, आणि तू तपासणी चुकवायला नको होतीस. ती खडूने कापडाच्या काठावर बारीक रेघा ओढत राहिली.

"म्हणजे तो तेरा नंबर दुसऱ्या कुणा बाईचा?"

"असू शकेल."

"आणि तिच्या नावावर माझा?"

"असू शकेल. अजून माहीत नाही."

"तुमच्या तोंडून 'माहीत नाही' पहिल्यांदा ऐकलं," ती म्हणाली, आणि हसली. मग हसणे तिथेच राहिले आणि ती दुसरेच काही तरी आठवत असल्यासारखी कापडाकडे बघत बसली. थोड्या वेळाने तिने सांगितले की चार महिन्यांपासून मधेच डाग पडतात. पाळी नसताना. पहिल्यांदा दचकली होती, पण वय झाले, शिवाय तेरा नंबर, असे म्हणून सोडून दिले. एकदा दवाखान्याचा नंबर फिरवून पहिली घंटा वाजताच फोन ठेवून दिला होता.

मी बाजूच्या लाकडी पेटीवर टेकलो.

"मी मुळात भित्रीच आहे हो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हिशोबी होता, कापड बेतताना असतो तसा. "सहा महिन्यांची तारीख मी भीतीपोटी बरोबर पाळली. आदल्या दिवशी जेवण गेलं नाही, पण गेले. तुम्ही साचा चुकवलात ते मला काही कळत नाही. तुम्ही माझी भीती काढून घेतलीत. ती माझ्या कामाची होती."

ती उठली. गुडघ्यांवरचा खडू झटकला, टाचण्यांची डबी बंद केली, वर जाऊन पर्स घेऊन आली. मला वाटले ती मला घरी जायला सांगणार. तिने दिवे मालवले आणि कुलूप काढून हातात घेतले.

"चला. तुमच्या बाईंकडे. आत्ताच. दुपारपर्यंत माझं मन बदलेल."

वाटेत ती भराभर चालत होती आणि मी मागे पडत होतो. एका चौकात थांबून तिने विचारले की हे ताईला माहीत आहे का. मी हो म्हणालो. "मग झालंच," ती म्हणाली, "आता आठवडाभर माझ्याकडे डबे येणार." आणि पुन्हा तितक्याच वेगाने चालू लागली.

बाईंच्या टेबलाशी मी उभाच राहिलो. खुर्ची होती, पण बसणे शोभले नसते. साचा मी पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला, शेजारी तो काळा तुकडा. काय झाले असेल ते चार वाक्यांत सांगितले. ती वाक्ये मी रस्त्यात जुळवली होती. बाईंनी तुकडा उचलून प्लेटच्या छाटलेल्या कोपऱ्याला लावून पाहिला, मग माझ्या साच्यात प्लेट आधी सरळ आणि मग उलटी बसवून पाहिली. दोन्ही वेळा ती सारख्याच सफाईने बसली. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, कारण त्यांच्या पाच वर्षांच्या मेहनतीतली पावणेदोन वर्षे त्या साच्यातून गेली होती. तरी त्यांनी मला विचारले ते वेगळेच.

"पण यांना इथे का आणलंत? यांना त्यांचा निकाल कळलाय का?"

इथे मला एक पळवाट होती. मेहुणी स्वतःहून काही बोलली नसती. ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, मी सांगितला. फोनवर. पडद्यावर पाहून. आणि काळजी करू नकोस असेही सांगितले.

बाईंनी तळहात पुढे केला. मी प्रयोगशाळेची किल्ली त्यावर ठेवली. त्या रागाने काही बोलणार होत्या, पण मेहुणीने मधेच तोंड उघडले.

"बाई, त्यांच्यावर ओरडायचं ते सावकाश ओरडा, ते कुठे पळून जाणारे नाहीत. मला आधी आत घ्या. मला डाग पडतात."

हे ऐकून बाई ताडकन उठल्या.

तपासणी त्याच दिवशी दुपारी झाली. गर्भाशयमुखाच्या दोन जागा पांढुरक्या दिसल्या, तिथून बारीक तुकडे काढून पाठवले. निकाल दहा दिवसांनी येणार होता. एकेचाळीस प्लेटांचे नमुनेही बाईंनी त्याच दिवशी थंड पेटीतून बाहेर काढून, शेजारच्या संस्थेतून मूळ बनावटीचा साचा उसना आणून, पुन्हा तपासायला लावले. त्यालाही तितकाच वेळ लागणार होता.

ते दहा दिवस मी कसे काढले ते बायकोला विचारावे. घड्याळ मी जोडले, पण एक चक्री उरली, आणि ते दर तासाला चार मिनिटे पुढे जाऊ लागले. साच्याचा दुरुस्त नकाशा मी तीनदा काढला. तो कोणीही मागितला नव्हता. बायको मला काही ना काही आणायला बाहेर पाठवी, आणि मी निम्मे विसरून परत येई. रोज दुपारी ती बहिणीकडे डबा घेऊन जाई आणि मी बरोबर यायचे की नाही हे सांगत नसे. मी दाराशी चपला घालून उभा राही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "चला आता, असे ताटकळत उभे राहू नका, शेजारचे विचारतात."

माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि तिची लाज वाटत असूनही ती थांबत नव्हती. तिची प्लेट सरळ निघावी. तिचा तेरा तिचाच ठरावा. मग तिला काही झालेले नसेल, मग ते डाग वयाचेच असतील. उलट निघाली तर उलट. मी दोन्ही बाजूंची शक्यता काढायचा प्रयत्न केला, वहीत तक्ता आखला, पण तक्त्यात भरायला आकडेच नव्हते.

अकराव्या दिवशी बाईंनी आम्हा तिघांना बोलावले. मेहुणीने त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली होती, आणि बायकोने त्यावरून तिला टोमणा मारला की लग्नाला चाललीस का. "कुणास ठाऊक, तिथे एखादा डॉक्टर बिनलग्नाचा असेल," ती म्हणाली. तिच्या हाताची बोटे मात्र पदराच्या टोकाला सारखी पीळ घालत होती.

बाईंच्या समोर दोन कागद होते. पहिला त्यांनी माझ्याकडे सरकवला. एकेचाळीसपैकी सात प्लेटा उलट्या बसल्या होत्या. त्या सातांत मेहुणीची नव्हती. तिचा नमुना योग्य जागी तपासला गेला होता. तिचा नंबर तेराच होता.

मी डोळे मिटले. छातीवरचे ओझे उतरणे म्हणजे काय ते त्या क्षणी मला कळले. मी बायकोकडे वळून काही तरी बोललोही असेन.

"थांबा," बाई म्हणाल्या, आणि दुसरा कागद मेहुणीसमोर ठेवला.

त्यात लिहिले होते की काढलेल्या तुकड्यांत पेशींचे तिसऱ्या पायरीचे बदल सापडले आहेत. बाईंनी शब्द न शब्द समजावून सांगितला. हा कर्करोग नाही, पण त्याच्या अगदी उंबरठ्यावरची अवस्था आहे. संसर्ग गेलेला नाही. तेवढा भाग काढून टाकण्याची एक छोटी शस्त्रक्रिया गुरुवारी करता येईल. आणखी वर्ष गेले असते तर काय दिसले असते हे त्या सांगू शकत नव्हत्या, पण ते पाहायला त्यांना आवडले नसते.

"पण बाई, तिचा तेरा आहे," मी म्हणालो. माझाच आवाज मला मूर्खासारखा वाटला, तरी वाक्य निघून गेले होते.

बाईंनी माझ्याकडे थकलेल्या नजरेने पाहिले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या की आमच्या नोंदींत तेरा नंबरच्या शंभर जणींपैकी सत्तर जणींचा संसर्ग गेला आणि इतर नंबरांच्या शंभरांत पंचावन्न जणींचा. सात प्लेटा दुरुस्त केल्यावर हे आकडे थोडे हलतील, पण पुसले जाणार नाहीत. जबड्याचा आकार महत्त्वाचा आहे, त्यावरच तर त्या पाच वर्षे काम करत होत्या.

"पण तेरावाल्या उरलेल्या तीस जणी कुठे गेल्या असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारले. "त्यांना तपासणीच्या खोलीत मी भेटते. आकडा शंभर जणींचा असतो. आत येते ती एकटी असते. म्हणून तर आम्ही निकाल सांगत नाही."

मी आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला जपत आलो. साच्याच्या चुकीवर मी दहा दिवस जळत होतो, आणि ती चूक तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पोहोचले होते ते माझे बोलणे. पडद्यावर खरे लिहिलेले मी बरोबर वाचले होते आणि त्यावरून खोटे सांगितले होते. प्लेटा पुन्हा तपासता आल्या. ते सात महिने कुठल्या पेटीत साठवलेले नव्हते.

बायकोने बहिणीचा हात धरला. मेहुणी मात्र कागद वाचत होती, एका ओळीवर बोट ठेवून. "गुरुवारी नको," ती म्हणाली. "गुरुवारी पडदा द्यायचाय." दोघी बायका, बाई आणि माझी बायको, एकदमच तिच्याकडे वळल्या. "बरं बरं," ती म्हणाली. "पडदा थांबेल. नाटकवाल्यांना सवय असते."

शस्त्रक्रिया पाऊण तासात झाली. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत असे पुढच्या आठवड्यात कळले. दोन आठवडे वजन उचलायचे नाही असे सांगितले होते, म्हणून ती कारखान्यात खुर्चीवर बसून हुकूम सोडी आणि आम्ही नवरा-बायको निळ्या मखमलीची टोके धरून तिच्या सांगण्याप्रमाणे सरकत असू. मी दुमड घातली की ती उसवायला लावी. "भावजी, तुम्ही अजून मापंच घेताय," ती म्हणे. "इथे शंभरावा भाग नको, नुसती सरळ रेघ चालेल."

एका दुपारी बायको वर चहा करायला गेली होती. मेहुणीने खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आवाज खाली आणला.

"आता परत नाही ना येणार?"

मला ठाऊक होते तिला काय ऐकायचे आहे. कडा स्वच्छ होत्या. बाईंनी सांगितलेले आकडेही चांगले होते, या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जणी पुढे ठीक राहतात. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होते, आणि ते खोटेही नव्हते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "बाई म्हणाल्या, बहुतेकींचं परत येत नाही. काहींचं येतं. तू कुठल्यात ते सहा महिन्यांनी तपासल्यावर कळेल, आणि नंतर पुन्हा तपासल्यावर."

"एवढंच?"

"एवढंच."

तिला राग आला होता, हे मला दिसत होते, आणि मी तो येऊ दिला. "पूर्वी बरे बोलायचात," ती म्हणाली. मग तिने फोन उचलून दवाखान्याला लावला, सहा महिन्यांनंतरची तारीख मागून घेतली आणि ज्या भिंतीवर ती पडद्यांच्या ऑर्डरी खडूने लिहिते, तिथे दोन सभागृहांच्या मधे ती तारीख लिहायला मला सांगितली. मी लिहिली.

"आदल्या दिवशी तुम्ही यायचं," ती म्हणाली. "मला न्यायला नाही, न्यायला ताई आहे. मी घाबरलेय की नाही तेवढं बघायला. नसेन घाबरले तर घाबरवायचं."

येईन, असे मी म्हणालो. त्याहून जास्त काही बोललो नाही.